कडूला जागा देणारा पेला: अमारोची कॉकटेल्स घडवण्याची आणि दुसऱ्याच्या हाती देण्याची रीत

पणजीतल्या एका लहान बारमध्ये मी काउंटरमागे उभा असतो आणि गेली काही वर्षे, सवड मिळेल तशी, कडू वनस्पतिजन्य लिक्युअरवर प्रयोग करत आलो आहे. इटलीत या पेयांना अमारो म्हणतात. या शब्दाचा अर्थच ‘कडू’ असा आहे आणि त्याचे अनेकवचन अमारी होते. मुळे, खोडाच्या साली, फुले, पाने आणि संत्र्यासारख्या फळांच्या साली मद्यात मुरवायच्या, त्यात साखर घालायची आणि काही प्रकार लाकडी पिंपात ठेवून द्यायचे, असे त्यांचे ढोबळ स्वरूप असते. इटलीत त्यातली काही भूक चाळवण्यासाठी जेवणाआधी आणि बरीचशी जेवणानंतर छोट्या पेल्यातून घेतली जातात.

सुरुवातीचे वर्षभर मी एक चूक सातत्याने केली. अमारोचा पहिला घोट घेताच पाहुण्याचा चेहरा आक्रसतो, म्हणून त्यात अननसाचा रस, साखरेचा पाक, जे हाताला लागेल ते ओतून मी कडूपणा बुजवत असे. त्यातून गोडमिट्ट पेय तयार होई आणि घोट गिळल्यावर मागाहून कडू चव उघडी पडे, तीही एकटी आणि अधिक बोचरी. पुढे लक्षात आले की कडू चव झाकता येत नाही, कारण ती जिभेवर सर्वांत उशिरा पोचते आणि सर्वांत उशिरा निघते. म्हणून पेल्याची आखणी तिच्यापासून सुरू करावी लागते. या लेखातली सगळी रीत त्या एका गोष्टीवर उभी आहे.

एक सूचना आधीच देतो. हे सगळे मद्य आहे. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि परवानाही लागतो. चाचणीच्या वेळी घोट थुंकण्यासाठी भांडे जवळ ठेवावे. ज्याला दिवसाला वीस नमुने चाखायचे आहेत त्याने ते सगळे गिळणे शहाणपणाचे नाही.

बाटल्यांची ओळख

अमारी ही एकच वस्तू समजून एकीच्या जागी दुसरी बाटली वापरली की गणित हमखास चुकते. बाटली हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: मद्यार्काचे प्रमाण, गोडी आणि कडूपणाचा उगम.

मद्यार्काचे प्रमाण लेबलवरच छापलेले असते आणि त्यातला फरक मोठा आहे. १९१९ साली पादुआत बाजारात आलेले आपेरोल ११ टक्क्यांचे आहे. आर्टिचोक या भाजीच्या पानांचा उपयोग करणारे चिनार १६.५ टक्क्यांचे, बोलोन्याचे मोंटेनेग्रो २३ टक्क्यांचे आणि सिसिलीतल्या काल्तानिसेत्ता गावात १८६८ पासून तयार होणारे अवेर्ना २९ टक्क्यांचे आहे. जर्मनीचे जेगरमायस्टर ३५ टक्क्यांवर, तर मिलानचे १८४५ सालचे फर्नेट-ब्रांका ३९ टक्क्यांवर पोचते. इटलीच्याच लाल, कडू कांपारीचे प्रमाण देशागणिक बदलते. इटलीत ते २५ टक्के असते, पण आपल्या हातातल्या बाटलीवरचा आकडाच खरा मानावा.

गोडी लेबलवर सहसा लिहिलेली नसते, ती जिभेनेच मोजावी लागते. मोंटेनेग्रो आणि अवेर्ना बऱ्यापैकी गोड आहेत, त्यामुळे त्यांच्यासोबत वेगळी साखर घालताना हात आखडता ठेवावा. फर्नेटमध्ये गोडी कमी आणि पुदिन्यासारखा, औषधी, थंड झोत जास्त असतो. त्याला सोबतीने गोड काहीतरी हवेच असते.

कडूपणाचा उगम ओळखणे सर्वांत उपयोगाचे आहे. युरोपातल्या कित्येक कडू पेयांचा कणा जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या मुळाचा असतो. फ्रान्सचे पिवळेधमक स्यूझ घेतले तर हे मूळ जवळजवळ उघडेच चाखायला मिळते. आपल्या आजीच्या काढ्यातले काडेचिराईत याच कुळातले आहे आणि अमारोजेंटिन हे अतिशय कडू द्रव्य दोन्हींत सापडते. म्हणून लहानपणी ज्याने चिराइताचा काढा नाक दाबून प्यायला आहे त्याला स्यूझचा पहिला घोट अनोळखी वाटत नाही. माझ्या काउंटरवर हे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरा मोठा उगम सिंकोनाच्या सालीचा, म्हणजे क्विनीनचा, जो आपल्याला टॉनिक वॉटरमधून परिचित आहे. ही चव जेन्शियनपेक्षा कोरडी आणि धातूसारखी लागते. तिसरा उगम रेवंदचिनीचा, ज्यात मातकटपणा आणि धुराची छटा असते. या तिन्ही चवी वेगळ्या ओळखता येऊ लागल्या की कोणत्या बाटलीच्या जागी कोणती चालेल हे आपोआप कळते.

चव घेण्याची रीत

प्रत्येक नवी बाटली मी तीनदा चाखतो. आधी १० मिलिलिटर, खोलीच्या तापमानाला, तशीच. मग तितकीच बाटलीतली आणि तितकेच साधे पाणी. शेवटी बर्फ आणि सोड्यासह, कारण पाहुणा ती थंड आणि पातळच पिणार असतो. थंडीने गोडी दबते पण कडूपणा तितका दबत नाही, त्यामुळे खोलीच्या तापमानाला जे मिश्रण समतोल वाटते तेच बर्फावर गेले की कडवट होते. नवख्या बारटेंडरची अर्धी मिश्रणे याच कारणाने फसतात, असे माझे निरीक्षण आहे. निर्णय नेहमी थंड, पाणी मिसळलेल्या घोटावर घ्यावा.

वहीत मी चार गोष्टी टिपतो: पहिला वास, कडू चव लागायला लागलेला वेळ, ती जिभेच्या कोणत्या भागावर बसते आणि किती सेकंद रेंगाळते. रेंगाळण्याचा आकडा पुढे फार कामी येतो. जी चव ३० सेकंदांहून अधिक राहते ती पेल्यात कमी मापाने घ्यावी लागते. एका बैठकीत चारपाच नमुन्यांपलीकडे जाऊ नये, कारण कडूची जीभेला सवय होते आणि सहावा नमुना खोटा सौम्य वाटतो. मध्ये कोमट पाणी आणि साधी पोळी किंवा मुरमुरे खावेत. मसालेदार जेवणानंतर किंवा तंबाखूच्या तोंडाने चाचणीला बसूच नये.

कारल्याची भाजी आणि चार आधार

आपल्या स्वयंपाकघरात कडूची रीत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. कारल्याला मीठ चोळून ठेवतात, मग गूळ घालतात, चिंच किंवा आमसूल घालतात आणि तेलावर परततात. भाजी कडूच राहते, पण खावीशी वाटते. पेल्यातही हेच आधार आहेत, फक्त तेलाची जागा मद्य आणि वासाचे पदार्थ घेतात.

गोड चव कडूचा जोर थेट कमी करते, पण तिची मात्रा वाढली की पेय जड होते. आंबट चव कडूला टोक देते आणि घोट लवकर संपवते, म्हणून लांब रेंगाळणाऱ्या अमारोला लिंबू उपयोगी पडते. पण आधीच कोरड्या असलेल्या क्विनीनच्या चवीसोबत फार आंबट घातले की तोंड आकसते. सर्वांत दुर्लक्षित आधार मिठाचा आहे. मिठातले सोडियम कडू चव प्रत्यक्षच दाबते, तेही पेय खारट लागण्याच्या कितीतरी आधी. मी २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवतो आणि जवळजवळ प्रत्येक कडू पेल्यात त्याचे २ ते ३ थेंब टाकतो. एकच मिश्रण दोन पेल्यांत ओतून, एकात हे थेंब टाकून आणि एकात न टाकता, शेजारी शेजारी चाखून पाहावे. मला शिकताना मिळालेल्या धड्यांपैकी एवढा स्वस्त आणि एवढा पटणारा दुसरा नाही.

चौथा आधार वासाचा. संत्र्याच्या सालीतले तेल पेल्यावर उडवले की नाकाला गोडीचा भास होतो आणि कडू चव मवाळ वाटते. इथे आपल्याकडची एक अडचण सांगितली पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सैल असते, तिची सुबक लांब पट्टी निघत नाही. रुंद तुकडाच काढावा, पांढरा भाग शक्य तितका खरवडावा आणि पेल्याच्या काठावर धरून चिमटीत दाबावा. पेल्यात टाकायची असेल तर जाड सालीचे माल्टा बरे.

कडूला कोणते काम द्यायचे

प्रयोग सुरू करण्यापूर्वी या पेल्यात अमारोचे काम काय, हे ठरवावे. ते फोडणीसारखे असू शकते, बरोबरीच्या सोबत्यासारखे असू शकते किंवा सगळा पेला तेच पेलू शकते. तिन्हींसाठी जुने, सिद्ध झालेले सांगाडे आहेत आणि नवशिक्याने त्यांवरच हात बसवावा.

फोडणीचा नमुना म्हणजे हँकी पँकी. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्य बारटेंडर असलेल्या एडा कोलमन यांनी ते चार्ल्स हॉट्री या नटासाठी केले. जिन ४५ मिलिलिटर, गोड वर्मूथ (वनस्पती मुरवलेली वाइन) ४५ मिलिलिटर आणि फर्नेट-ब्रांका ७.५ मिलिलिटर, बर्फावर ढवळून गाळायचे आणि वर संत्र्याची साल. जेमतेम दीड चमचा फर्नेट सगळ्या पेल्याचा सूर बदलून टाकते. दीड चमच्याचे दोन चमचे झाले तर काय होते, हे मुद्दाम करून पाहावे.

सोबत्याचा नमुना म्हणजे ब्लॅक मॅनहॅटन, सॅन फ्रान्सिस्कोत टॉड स्मिथ यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळवलेले. राय या धान्याची व्हिस्की ६० मिलिलिटर, वर्मूथच्या जागी अवेर्ना ३० मिलिलिटर आणि अँगोस्टुरा व ऑरेंज बिटर्सचा (थेंबाथेंबाने वापरायच्या कडू अर्कांचा) एकेक शिडकावा. निग्रोनीही याच जातीतली: जिन, कांपारी आणि गोड वर्मूथ समसमान. आंबट जातीत सॅम रॉस यांचे पेपर प्लेन घ्यावे, ज्यात बूर्बन ही अमेरिकी व्हिस्की, आपेरोल, अमारो नोनिनो आणि लिंबाचा रस समान मापाने घेऊन बर्फासह शेकरमध्ये हलवले जातात. मूळ कृतीतले लिंबू पिवळे, जाड सालीचे असते. आपल्या कागदी लिंबाचा वास आणि धार वेगळी असल्यामुळे मी त्याचे माप पाचव्या हिश्शाने कमी करतो.

सगळा पेला पेलणाऱ्या कडूचा नमुना फार धाडसी आहे. न्यूयॉर्कच्या ज्युसेपे गोन्सालेस यांच्या त्रिनिदाद सावरमध्ये ४४.७ टक्क्यांचे अँगोस्टुरा बिटर्स, जे इतरत्र थेंबांनी मोजतात, ते चक्क ४५ मिलिलिटर घेतले जाते. त्याला बदामाचा ओर्जा पाक ३० मिलिलिटर, लिंबू २२.५ आणि राय १५ मिलिलिटर तोलून धरतात. याहून सोपा नमुना अर्जेंटिनात, विशेषतः कोर्दोबा प्रांतात, घरोघरी दिसतो: उंच पेल्यात बर्फ, ५० मिलिलिटर फर्नेट आणि पेला तिरपा धरून हळूहळू ओतलेला १५० मिलिलिटर कोला. साखर आणि आम्ल दोन्ही कोलातच असल्याने वेगळे काही लागत नाही. कडूची भीती असलेल्या पाहुण्याला मी इथून सुरुवात करून देतो.

एका वेळी एकच बदल: फेणीचे उदाहरण

गोव्यात राहून काजू फेणीला टाळणे मला पटत नव्हते. फेणी सहसा ४२.८ टक्क्यांनी भरली जाते आणि तिचा वास एवढा ठाम असतो की ती दुसऱ्या कोणाला बोलूच देत नाही. माझी वही जशीच्या तशी सांगतो.

पहिल्या प्रयत्नात निग्रोनीतली जिन काढून तेवढीच फेणी घातली: फेणी, कांपारी आणि गोड वर्मूथ प्रत्येकी ३० मिलिलिटर. फेणीचा वास आणि वर्मूथमधले मसाले एकमेकांवर आदळले. दुसऱ्यात फेणी २० वर आणली, बाकी काही बदलले नाही. भांडण थांबले, पण फेणीही गेली. तिसऱ्यात फेणी पुन्हा ३० केली आणि वर्मूथ पूर्ण काढून त्या जागी गुळाचा पाक १५ मिलिलिटर घातला. इथे पहिल्यांदा पेला बोलू लागला, कारण गुळाची मळीसारखी छटा काजूच्या वासाशी जुळते. पण घोट लांबट आणि चिकट होता, त्याला आंबट हवे होते. चौथ्यात लिंबू घातले, ते फेणीसमोर उथळ वाटले. पाचव्यात लिंबाऐवजी कोकमाचा आगळ (दाट रस) आला आणि प्रश्न सुटला, कारण आगळात मीठ आधीच असते. म्हणजे एकाच चमच्यात आंबट आणि खारट असे दोन आधार मिळाले आणि मिठाचे थेंब वगळता आले. सहाव्यात पाक कमी केला, कांपारी २० वर आणली आणि सोड्याने पेला उंच केला.

शेवटचे माप असे ठरले: काजू फेणी ३० मिलिलिटर, कांपारी २० मिलिलिटर, कोकमाचा आगळ १० मिलिलिटर, गुळाचा पाक १० मिलिलिटर, हे सगळे बर्फ भरलेल्या उंच पेल्यात घालून वर ९० मिलिलिटर थंड सोडा आणि एकदाच खालून वर ढवळणे. पाकासाठी २०० ग्रॅम चिरलेला गूळ २०० ग्रॅम पाण्यात मंद आचेवर विरघळवावा, उकळू देऊ नये, फडक्यातून गाळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. पहिल्या पाच प्रयत्नांत एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून सहा पेल्यांत उत्तर मिळाले; सहाव्यात फक्त शेवटची जुळवाजुळव होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर सुधारणा कशामुळे झाली हे मला आजही सांगता आले नसते. (तिसऱ्यात फेणी पहिल्याच मापावर परत नेली होती. तिसऱ्या आणि पाचव्या प्रयत्नात मी एक काढून त्याच जागी दुसरे घातले, काम तेच, वस्तू वेगळी, म्हणून तो एकच बदल धरतो.)

बर्फ आणि पाणी

नुसत्या मद्याचे मिश्रण ढवळावे आणि लिंबू, पाक किंवा अंडे असलेले हलवावे, हा जुना नियम अमारोलाही लागू आहे. ढवळताना मिश्रणात त्याच्या आकारमानाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके पाणी उतरते, हलवताना त्याहून अधिक. हे पाणी कृतीचा भाग आहे. वरच्या ब्लॅक मॅनहॅटनचे गणित पाहा: ४५ टक्क्यांची राय ६० मिलिलिटर घेतली तर त्यात शुद्ध मद्यार्क २७ मिलिलिटर, अवेर्नाच्या ३० मध्ये ८.७, मिळून ३५.७. एकूण ९० मिलिलिटरमध्ये हे जवळपास ४० टक्के भरते. ढवळून २२ मिलिलिटर पाणी उतरले की ११२ मिलिलिटरमध्ये ते ३२ टक्क्यांवर येते आणि तिथेच अवेर्नातली संत्र्याची साल उलगडते.

कोकणच्या दमट हवेत आइसबॉक्समधला बर्फ बाहेरून ओला असतो आणि ते पाणी ढवळायला लागण्याआधीच पेल्यात शिरते. बर्फ जाळीदार भांड्यात झटकून घ्यावा किंवा फ्रीझरमधून थेट काढावा. मिक्सिंग ग्लास आधी थंड करावा. वर्मूथ ही मुळात वाइन आहे, बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवावी. अमारी बाहेर टिकतात.

स्वतः मुरवण्याआधी

काष्ठौषधीच्या दुकानात गेले की सगळेच मुरवून पाहावेसे वाटते, आणि इथे मी हात जोडून थांबायला सांगतो. वेखंडाला मोहक वास असतो, पण त्यातल्या असॅरोनमुळे अमेरिकेत त्याचा खाद्यपदार्थांतला वापर बंद केलेला आहे. सिंकोनाची साल घरी मुरवली तर क्विनीन किती उतरले हे मोजता येत नाही आणि जास्त मात्रेने कानात आवाज, मळमळ, दृष्टीचा त्रास होतो. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. ज्येष्ठमध सतत घेतले तर रक्तदाब वाढू शकतो. वनस्पती औषधी आहे म्हणून मद्यातही निरुपद्रवी, असे धरून चालू नये. संत्र्याची साल, लिंबाची पाने, वेलची, आले, तिरफळ, कॉफी अशा नेहमीच्या खाण्यातल्या वस्तूंवरच हात बसवावा आणि कडूपणा विकतच्या बाटलीतून घ्यावा. बारमध्ये मुरवलेले मद्य विकण्याबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते आपापल्या उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून घ्यावेत.

कृती दुसऱ्याला देताना

नवा पेला मी आधी पाहुण्यांना ३० मिलिलिटरच्या छोट्या घोटात देतो आणि ‘आवडले का’ असे विचारत नाही, कारण भिडेखातर सगळेच हो म्हणतात. दुसरा घोट कधी घेतला ते पाहतो. पेला हातात राहिला, बोलता बोलता ओठाशी गेला, तर कडूला जागा मिळाली असे समजतो.

लिहून देताना माप मिलिलिटरमध्येच द्यावे. ‘एक पेग’ आणि ‘थोडेसे’ यांचा अर्थ प्रत्येक काउंटरवर वेगळा असतो. बाटलीचे पूर्ण नाव आणि तिचा मद्यार्क, पाकाचे प्रमाण वजनाने, बर्फाचा आकार, ढवळण्याचे सेकंद आणि पेल्याचा प्रकार लिहावा. जुन्या सांगाड्यावरून पेला घडवला असेल तर मूळ कर्त्याचे नाव आणि आपण काय बदलले ते वरच सांगावे. ही आपल्या धंद्यातली उधारी आहे आणि ती चुकवायचीच असते. एखादी बाटली मिळाली नाही तर काय घ्यावे आणि त्यासोबत कोणते माप बदलावे, हेही जोडावे. उदाहरणार्थ, फेणीच्या पेल्यात कांपारीऐवजी जेगरमायस्टर घेतल्यास ते अधिक तीव्र आणि अधिक मसालेदार असल्याने १५ मिलिलिटर पुरते.

फेणीची ही कृती मी रत्नागिरीच्या एका बारटेंडर मित्राला पाठवली तेव्हा त्याचा निरोप आला की पेला खारट होतो आहे. त्याच्या घरचा आगळ माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मिठाचा होता. तेव्हापासून कृतीच्या पहिल्या ओळीत मी लिहितो: आधी आगळाचा एक चमचा पाच चमचे पाण्यात घालून चाखा; खारटपणा आंबटाच्या आधी लागला, तर आगळ ५ मिलिलिटर घ्या आणि उरलेले ५ मिलिलिटर मीठ न घातलेल्या, पाण्यात भिजवून कुस्करलेल्या कोकमांच्या दाट रसाने भरून काढा.